मूळ शेरलॉक होम्स वाचून संपला. आता इतरांनी लिहिलेल्या नव्या होम्स-कादंबऱ्या वाचाव्यात का?

वाचाव्यात. पण हाताला लागेल ते पहिलं पुस्तक उचलू नका.

तुम्ही लिहिलंय की चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा संपल्यापासून रिकामं रिकामं वाटतं, आणि दुसऱ्या कुणाचा होम्स वाचला तर मूळची चव बिघडेल अशी धास्तीही वाटते. मी या वाटेवर पंधरा-वीस वर्षं हिंडलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी धास्तीचं बघू. मला होम्स पहिल्यांदा भेटला तो भालबा केळकरांच्या अनुवादातून. नागपुरात महालात आमचं आजोळ, मे महिना, दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. कूलरसमोर सतरंजी टाकून पडायचो, पुस्तकाच्या पानांनाही वाळ्याचा ओलसर वास लागायचा. माझा पहिला होम्स असा मराठी बोलणारा. पुढे कॉलेजात इंग्रजी कॉनन डॉयल हाती आला, तेव्हा खरं सांगायचं तर तोच मला तोतया वाटला. म्हणजे आपण मराठीतून आलेल्या वाचकांनी होम्स मुळातच दुसऱ्याच्या हातून घेतलाय. सोवळं कशासाठी पाळायचं?

तोतया शब्द मी मुद्दाम वापरला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि काही काळ चालला, कारण भाऊ परत यावेत असं लोकांना मनापासून वाटत होतं. पास्टिशची, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रावर त्याच्याच शैलीत लिहिलेल्या गोष्टींची, भूक अगदी हीच आहे. १८९३ मध्ये डॉयलने होम्सला धबधब्यात ढकललं, वाचकांनी हाय खाल्ली, आणि पुढे त्यालाच होम्स परत आणावा लागला. १९३० मध्ये डॉयल गेला. मग आणणार कोण? तोतयेच.

मीही एकदा फसलोय. बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक होम्स दिसला, मुखपृष्ठावर आडनाव कॉनन डॉयल. मी पानं चाळतोय हे बघून दुकानदार म्हणाला, "घ्या ना सर, डायलचंच आहे ते." साठ रुपयांत घेतलं. दोन कथा वाचून झाल्यावर वाटायला लागलं की ही तर आपण कधीच वाचली नव्हती, असं कसं? तेव्हा कुठे पूर्ण नाव वाचलं: एड्रियन कॉनन डॉयल. डॉयलचा मुलगा! त्याने जॉन डिक्सन कारला सोबत घेऊन १९५४ मध्ये बारा कथांचं पुस्तक काढलं होतं. होम्सचा मित्र आणि त्याच्या गोष्टी सांगणारा वॉटसन मूळ कथांत ज्या प्रकरणांचा नुसता ओझरता उल्लेख करतो, ती यात रंगवली आहेत. दुकानदार तसा खोटं बोलला नव्हता. आणि कथा वाईट नव्हत्या, हे जास्त लागलं.

आता मुद्द्याचं. होम्स हा लघुकथेचा माणूस आहे, कादंबरीत तो टिकत नाही. हे खुद्द डॉयललाही ठाऊक असावं. त्याच्याच चार कादंबऱ्या आठवून बघा. पहिल्या आणि चौथ्या कादंबरीत जवळपास अर्धं पुस्तक होम्सशिवाय अमेरिकेत घडतं. दुसरीच्या शेवटी जोनाथन स्मॉल आग्र्याच्या खजिन्याची आणि अंदमानची लांबलचक कहाणी सांगत बसतो. बास्करव्हिलमध्ये तर वॉटसनला एकट्याला माळरानावर पाठवून होम्स बरीच पानं गायबच आहे. सलग तीनशे पानं हा माणूस डोळ्यांसमोर ठेवला तर त्याची जादू विरते. बुटाच्या चिखलावरून गाव ओळखलं, हे एकदा बघायला गंमत, दहाव्यांदा वैताग. फसलेले बहुतेक पास्टिश इथेच फसतात. लेखकाला होम्स इतका आवडलेला असतो की तो त्याला खोलीबाहेर जाऊच देत नाही.

जमलेल्या कादंबऱ्या होम्सचं काहीतरी काढून घेतात. हे एकदा लक्षात आलं की पुस्तक निवडणं सोपं जातं. निकोलस मेयरच्या 'द सेव्हन-पर-सेंट सोल्यूशन' (१९७४) मध्ये होम्सची तब्येतच गेलेली आहे. कोकेनने पोखरलेल्या होम्सला वॉटसन फसवून व्हिएन्नाला नेतो, सिग्मंड फ्रॉइडकडे. लोकांची मनं वाचणाऱ्याचं मन दुसराच कुणीतरी वाचतोय, आणि वॉटसन हतबल होऊन बघतोय. यातला मोरियार्टी, होम्सचा हाडवैरी, कसा निघतो ते सांगत नाही, पण मी तिथे पुस्तक खाली ठेवून हसलो होतो. तुम्ही इथूनच सुरुवात करा.

मिच कलिनच्या 'अ स्लाइट ट्रिक ऑफ द माइंड' (२००५) मध्ये होम्स ९३ वर्षांचा आहे, साल १९४७. जपानहून परतलाय, मधमाश्या सांभाळतो, आणि त्याला आठवेनासं झालंय. रहस्यकथा म्हणून उघडाल तर निराश व्हाल. मी हे वाचलं तेव्हा माझे वडील रोज सकाळी तोच पेपर दोनदा वाचायचे, त्यामुळे या पुस्तकाबद्दल मी तटस्थपणे बोलू शकत नाही. त्यात होम्स एक गोष्ट आठवायचा प्रयत्न करतो, अर्धी आठवते, उरलेली त्याला नीट लागत नाही. डॉयलने हे कधी लिहिलं नसतं. पण डॉयलचा होम्स आपल्याला इतका ओळखीचा नसता, तर हे वाचून कुणाला काही झालंही नसतं.

अँथनी हॉरोविट्झचं 'द हाउस ऑफ सिल्क' (२०११) डॉयलच्या वारसांच्या मान्यतेने आलेलं. भाषा जवळजवळ डॉयलची, आणि इथेही होम्सला मध्येच तुरुंगात घालून बाजूला काढलाय. उलगडा मात्र जड आहे. घरातल्या शाळकरी पोरांच्या हाती देऊ नका. त्याचंच पुढचं 'मोरियार्टी' (२०१४), त्यात तर होम्स जवळपास नाहीच. लॉरी किंगच्या मालिकेत, पहिलं पुस्तक १९९४ चं, गोष्ट सांगते पंधरा वर्षांची मेरी रसेल. पहिलं छान आहे. पुढे तिचं आणि होम्सचं जे होतं ते मला काही पचलं नाही, पण मालिकेचे भक्त भरपूर आहेत.

आपल्याकडचं म्हणून जाम्यांग नोर्बूचं 'द मंडला ऑफ शेरलॉक होम्स' (१९९९). होम्स धबधब्यातून वाचल्यावर दोन वर्षं तिबेटात होता, असं मूळ कथेत एका वाक्यात येतं. त्या एका वाक्याची ही कादंबरी. होम्स मुंबईत उतरतो, आणि सोबतीला वॉटसन नाही. किपलिंगच्या कादंबरीतला हरी बाबू आहे. हिंदुस्थान बघून गोंधळलेला होम्स आणि त्याला सांभाळून घेणारा बंगाली बाबू, ही उलटापालट फार मजेची. शेवटी चमत्कार सुरू होतात तिथे माझी तार तुटली.

एकदम इतकी पुस्तकं कशी निघाली, तर डॉयलच्या कथांवरचे कॉपीराइट हक्क संपले. ब्रिटनमध्ये २००० च्या अखेरीस, अमेरिकेत शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ ला मोकळ्या झाल्या. आता कुणीही लिहू शकतो आणि लिहितोय. पाटीवर सावजी लिहिलं की रस्सा सावजी होत नाही, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

दुकानात उभ्या उभ्या पारखायचं तर मी काय बघतो? वॉटसन त्याला "शेरलॉक" म्हणून हाक मारतोय का. मूळ कथांत तो कायम "होम्स"च म्हणतो. शेरलॉक म्हणतो तो भाऊ मायक्रॉफ्ट. टीव्हीवरच्या मालिकेने ही सवय लावली आणि तिथे ती चालते, एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये कानाला खुपते. दुसरं, पहिल्या दोन प्रकरणांत मोरियार्टी, आयरीन अ‍ॅडलर, मायक्रॉफ्ट आणि जॅक द रिपर सगळे लग्नाला जमल्यासारखे जमलेत का. आयरीन बाई प्रत्यक्ष येते ती एकाच कथेत! तिसरं, वॉटसन बावळट केलाय का. तो अफगाण युद्धात जखमी झालेला डॉक्टर आहे, विदूषक नाही.

मायकल डिब्डिनचं १९७८ चं 'द लास्ट शेरलॉक होम्स स्टोरी' सगळ्यात शेवटी वाचा, आणि त्याच्याबद्दल आधी कुठे काही शोधू नका. मी ते संपवून इतका भडकलो की दुसऱ्याच दिवशी पुस्तक धरमपेठेतल्या एका मित्राला देऊन टाकलं. त्याने ते अजून परत केलेलं नाही, मीही मागितलेलं नाही. पण त्या दिवसापासून मूळ कथा वाचताना मी वॉटसनच्या प्रत्येक वाक्यावर जरा थांबतो.