मॅनेजर म्हणतो, ‘राइड हर्ड’ कर!

प्रश्न : मी पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, नुकताच टीम लीड झालो. अमेरिकेतल्या मॅनेजरने मेल केलाय की सॉफ्टवेअर रिलीज होईपर्यंत दोन व्हेंडरवर, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्या कंपन्यांवर, मी ‘राइड हर्ड’ करावं. शोधलं तर गुरं राखण्याचा संदर्भ निघाला. हा टोमणा आहे का? असलं मुकादमाचं काम करण्यापेक्षा परत टेक्निकलकडे वळू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टोमणा नाही, निर्धास्त राहा. व्हेंडरवर बारीक लक्ष ठेवा, त्यांना रेंगाळू देऊ नका, एवढंच मॅनेजरला म्हणायचंय. हा वाक्प्रचार गुराख्यांचा, हे मात्र खरं. १८६७ मध्ये कॅन्ससच्या ॲबिलीनला रेल्वेने गुरं पाठवण्याची सोय झाली आणि टेक्सासचे कळप तिथवर चालवत नेले जाऊ लागले. दोन-अडीच हजार जनावरं आणि घोड्यावरची दहा-बारा माणसं. मुरलेले गडी पुढे, काही दोन्ही अंगांना, नवखे सगळ्यात मागे धूळ खात. दामटलं की गुरं वाळायची आणि भाव पडायचा, म्हणून दिवसाची मजल बेताचीच. रात्री दोघं जण कळपाभोवती उलटसुलट फेऱ्या मारत गाणी म्हणायचे, गुरं बिथरू नयेत म्हणून. तेव्हा यात आसूड कमी आणि जागरण जास्त!

आज अमेरिकन माणूस हे खर्चाबद्दलही म्हणतो, वेळापत्रकाबद्दलही. पुढे ‘ऑन’ लागतं, तेवढं विसरू नका. बोलणं तिसऱ्याविषयी असतं. व्हेंडरलाच तोंडावर ‘मी तुमच्यावर राइड हर्ड करतोय’ म्हणालात, तर तो दुखावेल आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ‘हर्डिंग कॅट्स’, म्हणजे मांजरं हाकणं, याच्याशी गल्लत करू नका. ती हुकूम नव्हे, वैतागाची भाषा आहे: कुणी ऐकतच नाही! बायोडेटात यातलं काहीच नको. तिथे ‘दोन व्हेंडरच्या डिलिव्हरीचा समन्वय आणि पाठपुरावा’ असं साधं लिहा.

आता टेक्निकलचं. एका मेलवरून ट्रॅक बदलू नका. मला खटकतं ते वेगळंच: जबाबदारी मिळाली, अधिकाराचं काय? हाताशी काहीच नसताना पाठपुरावा करणारा लीड रोज ‘काय झालं हो?’ विचारत राहतो आणि तारीख हुकली की बोलणी त्यालाच बसतात. म्हणून मॅनेजरला आजच लेखी विचारा: तारीख चुकली तर कुणाकडे आणि किती दिवसांत जायचं? निकृष्ट काम मी परत पाठवू शकतो का? व्हेंडरचं बिल मंजूर करताना माझं मत घेणार का? उत्तरं मिळाली, तर हा रिलीज पूर्ण करा आणि मग ठरवा. लोकांचा पाठपुरावा करून काम तडीस नेणं जमतंय की नकोसं होतंय, ते तेव्हा तुम्हालाच कळेल. तिन्ही प्रश्नांना नुसतं ‘बघू’ आलं, तर मात्र टेक्निकलच्या जागांची चौकशी आत्ताच सुरू करा. टेस्टिंगमध्ये ऑटोमेशनचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चाचण्या करण्याचा, हात असेल, तर ती वाट बंद नाही.