देवळातील आरती आणि मतांचे आवाहन: तक्रार करण्यापूर्वी वाचावे

आपल्या कॉलनीतील दत्तमंदिरात आरती संपताच उमेदवाराने माइक हातात घेऊन मते मागितली आणि हटकल्यावर 'ही माझी श्रद्धा आहे' असे उत्तर दिले, हे आपण लिहिलेले वाचून मला 2023 चा नोव्हेंबर आठवला. मध्य प्रदेश विधानसभेचे मतदान 17 तारखेला होते आणि दिवाळी 12 ला, त्यामुळे आमच्या इंदुरातील मंदिराचा अन्नकोट (दिवाळीतला महानैवेद्य) ऐन प्रचारात आला व नैवेद्यापाठोपाठ एक उमेदवारही आले.

मी तक्रार केली, पण ती चुकीच्या गोष्टीची. ते देवळात आले, त्यांनी गंध लावले, आरतीचे तबक धरले, असे दीड पान मी लिहिले. यांपैकी काहीही निषिद्ध नाही. अहिल्याबाई होळकरांच्या आज्ञापत्रांवर 'श्रीशंकर' असे लिहिलेले असे; त्यांच्याच इंदुरात उमेदवाराने खजराण्याच्या गणपतीला जाऊ नये, असे मी तरी म्हणणार नाही. आक्षेपार्ह होते ते त्यांचे एकच वाक्य, 'आपल्या धर्माच्या माणसालाच मत द्या', आणि तेच मी शेवटच्या ओळीत 'अशा काहीशा आशयाचे बोलले' म्हणून उरकले. व्हिडिओही व्हॉट्सॲपवर फिरून आलेला. तो कोणी काढला, हे मला सांगता आले नाही. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठविले, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. पोच हाती आली तेव्हा 3 डिसेंबरची मतमोजणी होऊन गेली होती. त्या खिडकीवरील गृहस्थांविषयी अधिक न लिहिलेलेच बरे.

मी वकील नाही, तेव्हा पुढील मजकूर जाणकाराकडून तपासून घ्यावा. आचारसंहितेनुसार प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर करता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 123(3) प्रमाणे धर्माच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि तो धर्म उमेदवाराचाच असावा लागत नाही, मतदाराचाही चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2017 रोजी 4 विरुद्ध 3 मतांनी ठरविले. तीन न्यायमूर्तींचे भिन्न मत मला अधिक पटते: धर्म वा जातीमुळे सोसाव्या लागणाऱ्या अन्यायाविषयी निवडणुकीत बोलूच नये, असा अर्थ निघता कामा नये. म्हणूनच श्रद्धेमुळे आपण दारूबंदीच्या बाजूचे आहोत, असे कोणी म्हटले तर ती मला भूमिका वाटते. तिच्याशी वाद घालावा, तक्रार करू नये.

निवड रद्द करून घ्यायची असेल तर निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. ती त्या मतदारसंघाचा मतदार किंवा उमेदवारच करू शकतो. सी-व्हिजिल या निवडणूक आयोगाच्या तक्रारींच्या ॲपमध्ये गॅलरीतला जुना व्हिडिओ चढत नाही, चित्रण ॲपमधूनच जागेवर करावे लागते.

आपली निवडणूक कोणती, हे आपण लिहिलेले नाही. पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, असेल तर वरील कायदा लागू होत नाही. नगर निगमाचा (महापालिकेचा) कायदा आणि राज्य निवडणूक आयोगाची आचारसंहिता पाहावी. कोणतीही असो, उमेदवाराचे शब्द, वेळ आणि ऐकणाऱ्या दोघांची नावे आज रात्रीच कागदावर उतरवावीत.