मुलगा अठराचा झाला, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. बँक म्हणते पालकत्वाचा कागद आणा. आई-वडिलांनाही लागतो का?

हो, लागतो. अठरानंतर कायद्याने तुम्ही आपोआप पालक राहत नाही. पण त्यासाठी कोर्टात जायची गरज नाही. राष्ट्रीय न्यास कायदा 1999, कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे बेळगावात डीसी ऑफिसला, अर्ज करा. सोबत अपंगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), आधार, जन्मदाखला जोडा.

आपल्याकडे अडतं ते स्पेलिंगवर. ज्ञानेश्वर मराठी वळणाने 'डी'ने, कन्नड वळणाने 'जे'ने. दोन कागदांवर दोन मुलं! ते आधी दुरुस्त करा.

नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी, पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हे बरेच जण विसरतात.