पाहुण्याचं क्रिकेट, सासूबाईंचा टीव्ही

प्रश्न : गुहागरला आमच्या आगरात पाहुण्यांसाठी पाच खोल्या आहेत. फायबरचं कनेक्शन एकच. मे महिन्यात एका पाहुण्याने खोलीतून मोबाइलवर लावलेली मॅच थेट आमच्या माजघरातल्या टीव्हीवर सुरू झाली आणि सासूबाईंची मालिका गेली. म्हणून पाच पोर्टचा मायक्रोटिक राउटर आणून व्हीलॅन (एकाच राउटरवर आणि केबलवर वेगळी ठेवलेली नेटवर्क) केले. आता पाहुण्यांचं वायफाय जोडलं जातं, पण इंटरनेट नाही, लॅपटॉपवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसतो. चुकलं कुठे? आणि प्रत्येक खोलीला वेगळा व्हीलॅन हवा का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो : नको. तीन पुरे. त्यांचे क्रमांक : घर १०, पाहुणे २०, कॅमेरे ३०. पाहुण्यांनी एकमेकांचे मोबाइल पाहू नयेत यासाठी अॅक्सेस पॉइंटमध्ये (वायफाय पसरवणाऱ्या डबीत) क्लायंट आयसोलेशन असतं, ते चालू करा. पाच व्हीलॅन केलेत तर पुढच्या मोसमात कुठला कशाचा, हे तुम्हालाच आठवणार नाही.

१६९.२५४चा पत्ता राउटरने दिलेला नसतो. लॅपटॉपने पत्त्यासाठी हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने तो स्वतःच लावून घेतला. म्हणजे हाक राउटरच्या डीएचसीपीपर्यंत (पत्ते वाटणाऱ्या सेवेपर्यंत) पोचतच नाही.

हापूसच्या पेट्या चार बागायतदारांच्या असतात, टेम्पो एकच. पेटीवरच्या निशाणीवरून वाशीला ज्याचा माल त्याच्या गाळ्यावर उतरतो. व्हीलॅनचा टॅग ही तीच निशाणी : चार बाइटची, त्यात १ ते ४०९४ पैकी एक क्रमांक. तुमच्या पडवीतल्या अॅक्सेस पॉइंटकडे जाणारा ईथर४ (राउटरचं चौथं पोर्ट) हा टेम्पो. त्यावर २० टॅग लावून जाऊ द्या आणि १० बिनटॅगचा ठेवा (पीव्हीआयडी, म्हणजे बिनटॅगचा माल ज्या व्हीलॅनचा धरायचा तो क्रमांक, १०), म्हणजे अॅक्सेस पॉइंटची सेटिंग घरातूनच उघडता येतील. टीव्ही आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना निशाणी कळत नाही. त्यांचे पोर्ट बिनटॅगचे, पीव्हीआयडी अनुक्रमे १० आणि ३०.

आता चूक. ब्रिजच्या (राउटरची पोर्ट एकत्र जोडणाऱ्या आतल्या स्विचच्या) व्हीलॅन तक्त्यात २०च्या ओळीत ‘टॅग्ड’च्या रकान्यात तुम्ही ईथर४ घातला असणार आणि ब्रिजचं स्वतःचं नाव राहिलं असणार. हे दहातल्या सातांचं राहतं, माझंही राहायचं. राउटरचा मेंदू ब्रिजच्या पलीकडे बसतो. राउटरचं सॉफ्टवेअर जुनं असेल आणि ब्रिज त्या यादीत नसेल तर पेटी निघाली, पण गाळा कुठला ते कोणी लिहिलंच नाही. तिन्ही ओळींत ब्रिज घाला. मग ब्रिजवर व्हीलॅन २०चा इंटरफेस, त्याला १९२.१६८.२०.१ हा पत्ता, आणि डीएचसीपी सर्व्हर त्या इंटरफेसवर, ईथर४वर नव्हे. १० आणि ३०चंही तसंच.

हे फेरफार करताना व्हीलॅन फिल्टरिंग (निशाणी तपासून माल सोडणं-अडवणं) बंद ठेवा, ते अगदी शेवटी चालू करायचं. ईथर५ ब्रिजमधून काढून, त्याला वेगळा पत्ता देऊन, स्वतःसाठी ठेवा. विनबॉक्समधला (मायक्रोटिकची सेटिंग करायच्या प्रोग्राममधला) सेफ मोडही चालू करून ठेवा : तुमचं कनेक्शन तुटलं तर राउटर केलेले बदल आपोआप मागे घेतो. मी एकदा दापोलीला फिल्टरिंग आधी चालू केलं आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. बाहेर आषाढातला पाऊस, यजमान तिसऱ्यांदा चहा विचारताहेत, आणि मी पिन शोधतोय, रीसेटचं बटण दाबायला.

एवढ्यावर सासूबाई निर्धास्त होणार नाहीत. राउटरचं कामच मुळी एका नेटवर्कातून दुसऱ्यात माल पोचवण्याचं, त्यामुळे अडवलं नाही तर २०मधला पाहुणा १०मध्ये सहज जातो. फायरवॉलच्या (माल अडवणाऱ्या नियमांच्या) फॉरवर्ड साखळीत, म्हणजे राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या मालाच्या नियमांत, २०कडून १० आणि ३०कडे जाणारं सगळं ड्रॉप करा. इनपुट साखळीत, म्हणजे राउटरकडेच येणाऱ्या मालाच्या नियमांत, पाहुण्यांना फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) आणि डीएचसीपी मोकळं, बाकी बंद. नंतर पाहुण्यांच्या वायफायवर स्वतःचा मोबाइल जोडून ब्राउझरमध्ये रेकॉर्डरचा पत्ता टाका. लॉगिनचं पान उघडलं तर नियमांचा क्रम तपासा. वरचा नियम आधी लागतो.

जाता जाता : इतकं करूनही एखादी खोली बंदच राहिली तर केबलचं टोक काढून बघा. समुद्राकाठी त्याच्या आठ धातूच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखं चढतं. तिथे नवा कनेक्टर क्रिंप करायचा, सेटिंगला हात लावायचा नाही. आणि आगरातून खोल्यांकडे उघड्यावरून तांब्याची केबल नेली असेल तर वळवाच्या विजा सुरू होण्याआधी ती काढून फायबर टाका.