पाकीट परत करा, बिल मात्र मागून घ्या

प्रश्न : वकीलसाहेब, मी सातारा जिल्ह्यातली. दीड महिन्यापूर्वी माझ्या यजमानांच्या मोटरसायकलला टेम्पोने मागून ठोकरले. पुण्याच्या रुग्णालयात चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूमृत झाल्याचे सांगितले. मी सही केली. दोन्ही किडन्या, लिव्हर आणि डोळे दिले. पैशांची धावपळ करणारे दीर तेव्हा तिथेच होते, काही बोलले नाहीत. रुग्णालयाने बिलातले 1 लाख 40 हजार कमी केले. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ पेपरातल्या बातमीवरून घर शोधत आले. त्यांच्या मुलाला लिव्हर मिळाले म्हणे. सासऱ्यांच्या हातात 51 हजारांचे पाकीट ठेवले, आणि माझ्या मुलीच्या नावाने 5 लाखांची ठेव करतो म्हणाले. सासरे म्हणतात, घे, पोरीचं शिक्षण होईल. दीर म्हणतात, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताय, मी पोलिसांत जातो. भाच्याने मोबाइलवर दाखवले की ओडिशात सरकारच 5 लाख देते. मग मी घेतले तर गुन्हा कसा? आणि बिल कमी केले तोही गुन्हाच का?

उत्तर : ताई, पाकीट अजून फोडले नसेल तर फोडू नका. बँकेत तर मुळीच भरू नका. का, ते सांगतो.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. सुरुवातीला तो ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्या काळात किडन्यांचा उघड बाजार चालत असे. चेन्नईच्या विल्लिवाक्कमला लोक ‘किडनीवाक्कम’ म्हणू लागले होते. त्या बाजाराला आळा घालायला कायदा आला, म्हणून त्याची भाषा कडक आहे. कलम 19 नुसार अवयव पुरवल्याबद्दल पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. 2011 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 5 वर्षे, कमाल 10 वर्षे, आणि दंड किमान 20 लाख, कमाल 1 कोटी. ‘पैसे’ या शब्दात पैशाच्या मोलाची कुठलीही वस्तू येते. म्हणजे मुलीच्या नावची ठेव, शाळेची फी, उद्या कोणी नोकरी लावून देतो म्हणाले तर तीही.

तुम्ही म्हणाल, आम्ही सौदा कुठे केला? ते खरे आहे. लिव्हर कोणाला जाणार हे तुमच्या हातात नव्हते. ते पुण्याच्या झेडटीसीसीच्या (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) प्रतीक्षायादीने ठरवले. देताना तुम्हाला ते गृहस्थ ठाऊक नव्हते, त्यांना तुम्ही नव्हता. उद्या खटला झालाच तर मी हेच मांडीन आणि जोर लावून मांडीन. पण कलमात ‘आधी ठरलेले’ असा शब्द नाही. अवयवाबद्दल पैसे, एवढेच आहे. देणाऱ्याच्या मनातली कृतज्ञता कितीही खरी असली तरी ‘हे पैसे कशाबद्दल दिले?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर आहे. बचाव उभा राहू शकतो एवढ्यावर विधवा बाईला पाच वर्षांच्या शिक्षेच्या कडेला उभे करायचा सल्ला मी देणार नाही. ते गृहस्थही त्याच कडेवर आहेत, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नाही.

तेव्हा पाकीट जसे आले तसे परत. सासऱ्यांनीच द्यावे, दोन साक्षीदारांसमोर. एका कागदावर लिहा : ‘हे पैसे आम्ही मागितले नव्हते, आम्हाला नकोत, मोजून परत केले.’ खाली तारीख आणि त्यांची सही. ठेवीलाही त्याच कागदात नकार द्या. मग रुग्णालयातल्या ज्या समन्वयक बाई तुमच्याशी बोलल्या होत्या, त्यांच्या कानावर घाला. दात्याच्या आणि रुग्णाच्या घरच्यांना एकमेकांची नावे कळू द्यायची नाहीत ही रीत याच अडचणीसाठी आहे. पेपरवाले गाव, आडनाव, फोटो सगळे छापतात आणि ती रीत मोडते. तुम्ही फोटो दिला यात तुमचा दोष धरत नाही. त्या घडीला कोणाला सुचते? त्या गृहस्थांना काही करायचेच असेल तर त्यांनी एखाद्या गरीब रुग्णाच्या डायलिसिसचा खर्च उचलावा. त्याला तुमचे नाव, तुमच्या यजमानांचे नाव, काहीही जोडू नये.

आता बिल. इथे तुमचा हक्क आहे आणि तुम्ही त्याला उपकार समजून बसला आहात.

2014 च्या नियमांत स्पष्ट आहे : मेंदूमृत घोषित झालेल्या व्यक्तीचे शरीर व्हेंटिलेटरवर राखण्याचा, अवयव काढण्याचा, नेण्याचा आणि टिकवण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडता कामा नये. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचे मंडळ ठरवते, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. त्याचा फॉर्म 10 असतो, त्यावर वेळ असते. रुग्णालयाकडून त्याची प्रत आणि बाबवार बिल दोन्ही लेखी अर्ज करून मागा. मग घड्याळ लावून बघा. दुसऱ्या तपासणीनंतरचा आयसीयू, औषधे, ऑपरेशन थिएटर यांतला एक रुपयाही तुमच्याकडून घेतला असेल तर तो परत मागा. त्या वेळेनंतरचे जे कमी केले असेल ते रुग्णालयाने नियमच पाळला. त्यात गुन्हा कसला?

त्याआधीच्या उपचाराचे बिल तुमचेच. त्यातलेही काही सोडले असेल तर एक प्रश्न महत्त्वाचा : सूट कधी सांगितली, सहीच्या आधी की नंतर? धर्मादाय रुग्णालय असेल तर 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. अवयव दिले असोत की नसोत. तशी सवलत तुमच्या शिधापत्रिकेवर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळाली असेल तर निर्धास्त राहा. पण ‘सही करा, मग बिलाचे बघू’ असे कोणी म्हणाले होते का? तसे झाले असेल तर ती सूट सहीचा मोबदला ठरू शकते. म्हणून ते शब्द, वेळ, बोलणारा माणूस, सगळे आजच वहीत टिपा आणि मला किंवा साताऱ्यातल्या वकिलाला भेटून सांगा. फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

ओडिशाचे तुमच्या भाच्याने बरोबर वाचले. तिथे 2020 मध्ये दात्यांच्या कुटुंबांना 5 लाखांचा पुरस्कार जाहीर झाला, मुख्यमंत्री मदत निधीतून. फरक एवढाच की पैसे रुग्णाच्या घरून येत नाहीत आणि कोणाच्या लिव्हरला किती हा हिशेब नाही. तरी माझे मत विचाराल तर ती वाट निसरडी आहे. तामिळनाडूने 2023 पासून दात्याला शासकीय इतमामात निरोप द्यायचे ठरवले, ते मला अधिक पटते.

पैशाला बंदी करणाऱ्या या कलम 19 शी मी स्वतः खूप भांडलो आहे. सर्जनला फी मिळते, रुग्णालयाला पॅकेज मिळते, ॲम्ब्युलन्सवाल्याला भाडे मिळते, आणि फुकट द्यायचे ते फक्त घरच्यांनी. गेलेल्या माणसाला इजाही होत नाही, मग जिवंतपणी किडनी विकण्याला जी बंदी तीच इथे कशाला? इंग्लंडात वैद्यकातल्या नीतिप्रश्नांवर विचार करणाऱ्या नफील्ड कौन्सिलने 2011 मध्ये सुचवले होते की नोंदणी केलेल्या दात्याच्या अंत्यविधीचा खर्च सरकारने उचलून पाहावा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यानेही 300 डॉलर अंत्यविधीसाठी द्यायचे योजले, पण तिथल्या केंद्रीय कायद्याच्या धास्तीने हात आखडता घेतला. वाद खोटा नाही.

पण मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसलेली माणसे पाहिली आहेत. छाती वरखाली होत असते, अंग गरम असते, आणि डॉक्टर सांगतात गेला. त्या क्षणी त्या डॉक्टरवरचा भरवसा हाच एक आधार. तिथे पाच लाखांचा आकडा आला की सासरे एक बोलतील, सून एक बोलेल, आणि भावकीत पुढची वीस वर्षे ‘अजून जीव होता का?’ ही कुजबुज चालेल. तुमच्या घरात तर पैसे नंतर आले, तरी बघा काय झाले.

दिरांची धमकी पोकळ आहे. या कायद्याखाली न्यायालय थेट दखल घेत नाही. समुचित प्राधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, तक्रार करावी लागते, किंवा इतर कोणी त्या प्राधिकाऱ्याला किमान 60 दिवसांची नोटीस देऊन मग यावे लागते (कलम 22). पोलिसांच्या अहवालावर दखल घेता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये जीवनकुमार राऊत खटल्यात सांगितले आहे. पाकीट परत गेल्यावर तक्रारीत उरणार तरी काय? आणि संमतीचे म्हणाल तर जवळच्या नातलगाचा विरोध असता तर तो तेव्हाच विचारात घ्यावा लागला असता. ते हजर होते आणि गप्प होते.

शेवटी मुलीच्या शिक्षणाचे पैसे. ते लिव्हरवाल्याकडून यायचे नाहीत, टेम्पोच्या विमा कंपनीकडून यायचे आहेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा, तुमच्या राहत्या जिल्ह्यातही करता येतो. कायद्यात अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे, त्यातले दीड महिने गेले. यजमानांचे वय, पगार, घरात अवलंबून किती यावर भरपाई ठरते. अंत्यविधीचा खर्चही त्यातच धरतात. तुम्ही भरलेले उपचाराचे बिलही मागता येते, म्हणून बाबवार बिलाचा आग्रह धरा. अवयव दिले म्हणून भरपाई कमी होत नाही. यजमानांचा पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेल्या विम्याचे कमाल 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. बँकेच्या पासबुकात वर्षाला 20 रुपये कापल्याची नोंद दिसते का बघा. असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 2 लाख. त्याचा अर्ज 30 दिवसांत करायचा असतो, उशीर झाला तरी कारण लिहून द्या, नाही कसे म्हणतात ते लेखी घ्या.

रुग्णालयात भरलेल्या पैशांच्या पावत्या बहुतेक दिरांकडेच असतील. दाव्याला त्या लागतीलच. स्वतः जाऊन मागा, सासऱ्यांना पाठवू नका.