दीड महिन्यानं एक बिडी ओढली, आता काय?

"दीड महिना सोडली होती, एक ओढली. म्हणजे सगळं पाण्यात गेलं ना?" व्यसन सोडायला निघालेली निम्मी माणसं कधी ना कधी हे विचारतातच.

लातूरच्या मोंढ्यात अडत दुकानावर दिवाणजी असलेले एक पन्नाशीतले गृहस्थ हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोयाबीनची आवक जोरात, रात्री उशिरापर्यंत पट्ट्या लिहिणं चाललेलं. चहाला थांबले तेव्हा एका हमालानं बिडी पुढं केली, यांनी घेतली. सोबत आलेल्या काकू फणकाऱ्यानं म्हणाल्या, "ओढली त्याचं काही न्हाई हो मॅडम, पन इतके दिवस इलायची चघळत लपवून ठेवलं!"

मी त्या बिडीबद्दल फार विचारलं नाही. त्यानंतरची कधी ओढली, ते विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हनलं आता मोडलंच हाय, तर निदान पोट तरी साफ होईल. जाता जाता बंडलच घेतलं."

रात्रीची बिडी थकव्यातून आली होती. सकाळच्या बंडलामागे मात्र 'आता मोडलंच हाय' हा विचार होता, आणि बहुतेकांना परत अडकवतो तो हाच.

त्यात पोटाची तक्रार. आपल्याकडे बिडीशिवाय सकाळी मोकळं होत नाही म्हणणारे घरोघरी आहेत. ते खोटं नाही. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, आणि ते बंद झालं की काही आठवडे पोट जड राहतं. हे तात्पुरतं असतं, पण आधी कुणी सांगत नाही आणि लाजेनं कुणी विचारतही नाही. मग डोकेदुखी, चिडचिड सोसलेला माणूस पोटापायी हरतो. उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, थोडं चालणं, गरज पडली तर इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

दिवाणजींना पाडव्यापासून नव्यानं सुरुवात करायची होती. मुहूर्ताचं आपलं वेड! तोवर बंडल खिशातच राहणार होतं. मी विचारलं, "रोजमेळात एक आकडा चुकला तर वही फाडता का?" म्हणाले, "वही फाडली तर मालक मलाच फाडतील." बंडल तिथंच टेबलावर ठेवून गेले.

त्यांचा दीड महिना वाया गेलेला नव्हता. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड असतात आणि तलफ आली तरी काही मिनिटांत ओसरते, हे आता त्यांना स्वतःच्या अनुभवानं ठाऊक होतं. निकोटिनची गोळी (बिडीऐवजी निकोटिन देणारं च्युइंगम) मात्र त्यांनी पानासारखी भराभर चघळून रस गिळला होता. त्यानं उचकी लागली, जळजळ झाली, आणि गोळी सुटली. ती सावकाश चावायची, जीभ चुरचुरली की गालात दाबून धरायची, चव गेली की पुन्हा चावायची. अर्धा तास तरी चालते. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा नको, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. मोंढ्यात दर तासाला चहा येतो, त्यामुळं हीच अट त्यांना सगळ्यात जड गेली. "त्यापरीस तंबाखू मळली तर?" असंही विचारून पाहिलं. तेही निकोटिनच, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका.

रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर बंडलावरच छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकाची आठवण दिली. तो रात्री लागला नाही तर सकाळी लावायचा.

खरा करार दोघांत झाला. ओढली, तर त्याच दिवशी घरी सांगायचं, आणि काकूंनी आरडाओरडा करायचा नाही. काकू म्हणाल्या, "बोलनार न्हाई, पन तोंड वाकडं झालं तर त्याला माझा इलाज न्हाई." दिवाणजींनी तेवढी सूट दिली. पुढं तुरीच्या हंगामात ते एकदा घसरले. रात्रीच सांगितलं, काकूंचं तोंड वाकडं झालं, पण सकाळी बंडल आलं नाही.