दक्षिणावर्ती शंख आणि उजवीकडचं हृदय: दोन्हींमागे एकच कारण असतं का?

तुमच्या देवघरात दक्षिणावर्ती शंख आहे, पुतणीच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे निघालंय, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात की शंख शुभ, पण पोरीचं मात्र तिच्या आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. दोन्हींमागे एकच कारण असतं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी ग्रहणाचं सांगते, कारण ते मला सगळ्यात जवळचं आहे. माझंही हृदय उजवीकडे आहे. यकृत डावीकडे, जठर उजवीकडे, अपेंडिक्स डावीकडे, सगळं आरशात पाहिल्यासारखं. याला सायटस इनव्हर्सस म्हणतात, साधारण १०,००० माणसांत एखाद्याचं असं असतं. मला ते एकोणिसाव्या वर्षी कळलं. एक्स-रे काढणाऱ्याला वाटलं फिल्म उलटी लागली, म्हणून त्याने तीनदा काढला. घरी आल्यावर आई काहीच बोलली नाही. रात्री भांडी घासता घासता म्हणाली, "तू पोटात असताना ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती गं." नंतर कितीतरी वर्षं तिच्या मनातून ते गेलं नाही. म्हणून तुमच्या वहिनींना माझा निरोप द्या: ग्रहणाचा, विळीचा, खाण्यापिण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आता शंख. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला, वनखात्याची परवानगी काढून, मुलांना घेऊन खाडीच्या चिखलात उतरते. उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठायची, तिवरांपासून पाण्यापर्यंत दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर चौकट टाकायची आणि तिच्यात जे असेल ते सगळं मोजायचं. थोडा चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, म्हणजे बारीक अळ्यांसारखे वलयी कृमी वर राहतात. मुलांना काहीतरी दुर्मीळ सापडावं असं वाटत असतं. मी मात्र आग्रह धरते की नेहमीचे, कंटाळवाणे, सारखे दिसणारे शंखसुद्धा एकेक करून मोजा. हजार साधे मोजल्याशिवाय एक वेगळा किती वेगळा आहे हे कळणार कसं? इतक्या वर्षांत टोकदार मनोऱ्यासारखे चिखलातले शंख आम्ही हजारोंनी मोजले, सगळे उजव्या वळणाचे. उलटा एकही नाही. पण त्याच चौकटीत एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे असतात. त्यांच्या बऱ्याच जातींत निम्म्या नरांची डावी नांगी मोठी, निम्म्यांची उजवी. म्हणजे एकाच चिखलात एका प्राण्यात डावं अति दुर्मीळ, तर दुसऱ्यात निम्मंनिम्मं.

तुमचा देवघरातला शंख ठाण्याच्या खाडीतला नव्हे. पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम या जातीच्या समुद्री गोगलगाईचं कवच, तो तमिळनाडूकडे मन्नारच्या आखातात मिळतो. नावातली एक गंमत पाहा. प्राणिशास्त्रात शंखाचं टोक, म्हणजे वळणं जिथून सुरू होतात ती बाजू, वर धरून तोंड आपल्याकडे करतात. तोंड उजवीकडे आलं तर तो उजवा. आपल्या परंपरेत टोक खाली धरतात, त्यामुळे तोच शंख डावा, म्हणजे वामावर्ती दिसतो. म्हणून पूजेतला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख आमच्या भाषेत डावा असतो. वस्तू एकच, धरायची रीत वेगळी. आणखी एक, वाईट वाटून घेऊ नका, पण तपासून पाहा. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मुळातच डाव्या वळणाची एक मोठी गोगलगाय असते, तिचे शंख दक्षिणावर्ती म्हणून विकले जातात. खऱ्या शंखाच्या तोंडात आतल्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात, या अमेरिकन शंखात त्या नसतात.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं की सुरुवात वेगळी, पुढची वाट सामाईक. गोगलगाईत डावं-उजवं फार लवकर ठरतं. अंड्याच्या चार पेशींच्या आठ होताना पेशी ज्या बाजूला पीळ घेतात, त्यावर. तेही पिल्लाच्या नव्हे, तर आईच्या जनुकांवरून! १९२३ सालीच हे लक्षात आलं होतं. इंग्लंडमध्ये २०१६ साली जेरेमी नावाची एक डावी बागेतली गोगलगाय गाजली. तिला जोडीदार मिळावा म्हणून जगभरातून डाव्या गोगलगाई शोधल्या, कारण दोघींची वळणं उलट असली की मीलन जवळजवळ जमतच नाही. तिची सगळी पिल्लं उजवी निघाली.

माणसाचं वेगळं. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना त्यावर एक खळगी तयार होते. तिच्यातल्या सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका गरगर फिरतात आणि द्रव डावीकडे ढकलतात. मग डाव्या बाजूला नोडल हे जनुक जागं होतं. हेच नोडल २००९ साली गोगलगाईतही सापडलं: उजव्या वळणाच्या जातीत उजवीकडे, डाव्या वळणाच्या जातीत डावीकडे. माझ्या छातीत आणि त्या चिखलातल्या शंखात एवढं जुनं काही सामाईक आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं.

पुतणीसाठी आता कामाचं. फक्त हृदय उजवीकडे आहे की पोटातले अवयवही उलटे आहेत, हे सोनोग्राफी करून पाहून घ्या. सगळंच उलटं असेल तर बहुतेक माणसं ठणठणीत जगतात. एकटं हृदय उजवीकडे असेल तर त्याच्या रचनेत दोष असण्याची शक्यता जास्त, म्हणून टू-डी इको करायलाच हवा. दुसरं, तिला जन्मापासून कफाचा खोकला, सतत सर्दी, कान वाहणं असं आहे का? शरीरातल्या पक्ष्माभिका नीट हलत नसतील तर श्वासनलिकेतला कफ बाहेर पडत नाही, आणि गर्भात डावं-उजवं नाणेफेकीसारखं ठरतं. त्यामुळे हा आजार असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचे अवयव उलटे असतात. डॉ. कार्टागेनर यांनी १९३३ साली हा लक्षणसमूह मांडला, त्यामागचं कारण १९७६ साली स्वीडनच्या आफ्झेलियस यांनी शोधलं. तशी लक्षणं असतील तर छातीच्या डॉक्टरांकडे न्या, लवकर उपचार सुरू झाले तर फुप्फुसं जपता येतात.

आणि तिच्या दप्तरात एक चिठ्ठी ठेवा. ईसीजी काढताना छातीवरच्या तारा उजवीकडे लावाव्या लागतात, नाहीतर आलेख चुकीचा येतो. अपेंडिक्स सुजलं तर डावीकडे दुखू शकतं. माझ्या बाबतीत एका दवाखान्यात पोटदुखीला गॅस समजून दोन दिवस घालवले होते. माझ्या पर्समध्ये आजही चिठ्ठी आहे, आईच्या अक्षरातली: "हिचं हृदय उजवीकडे आहे."